न हललेली ज्योत

सूर लागला तरी तोंडासमोर धरलेल्या मेणबत्तीची ज्योत सरळच राहिली. “बघ सूनबाई, साधी ज्योत हलत नाही. मग जंतू कुठून उडणार?” गाणं शिकवणारे सासरे खोकत म्हणाले. डॉक्टरांनी क्षयाच्या जंतूंमुळे झालेल्या न्यूमोनियाचं निदान केलं होतं, तरी शिकवणी थांबवणं रोज उद्यावर जात होतं. पुढच्याच रांगेत नात बसायची. प्रयोगशाळेत जंतू तपासणाऱ्या सुनेने वाद घातला नाही. मास्क सावरून तिने खिडकी लावली. फटीतून उन्हाची एकच तिरीप आली. “आता गा, बाबा.” त्यांनी ‘सा’ लावला. ज्योत हलली नाही. तिरिपेत मात्र असंख्य तुषार चमकले. मोठे थेंब खाली बसले, बारीक तरंगत नातीच्या रिकाम्या आसनापर्यंत गेले. जन्मभर ऐकलेला सूर सासरे पहिल्यांदाच पाहत होते. “केवढं हे!” फुंकर न घालता त्यांनी चिमटीने ज्योत विझवली. “खिडकी उघड, शिकवणी आजपासून बंद.”