मातीची बाई

पहिल्या नंबराचं चित्र प्रमोदिनीनं काढलेलंच नव्हतं. कागदाच्या कोपऱ्याला टाचलेल्या चिठ्ठीवर नाव मात्र तिचंच होतं, तिच्याच अक्षरात.

"या बाई, बसा. अभिनंदन," नृसिंहराव म्हणाले. ते त्या छोट्या संग्रहालयाचे व्यवस्थापक. दाराशी त्यांनी आठवणीच्या वस्तूंचं दुकान काढलं होतं, आणि तिथं विकायच्या टी-शर्टावर कुठलं चित्र छापायचं यासाठी गावात स्पर्धा लावली होती. टी-शर्ट ही चीज तेव्हा कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांच्या अंगावर नुकती कुठं दिसायला लागली होती.

प्रमोदिनी चित्राकडं बघत राहिली. कोळशानं काढलेला एका बाईचा चेहरा. लांबट नाक, मिटलेले ओठ, मानेवर सैल अंबाडा. डोळ्यांवर चष्मा.

"आमची मातीची बाई," नृसिंहराव खुशीत म्हणाले. संग्रहालयातली सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे भाजल्या मातीचं एका बाईचं डोकं. तिचंही नाक लांबट, तिलाही अंबाडा. "बऱ्याच जणांनी हिचंच चित्र काढलं. पण हिला चष्मा घालावा हे तुम्हालाच सुचलं. परीक्षक हसून बेजार झाले. हे खपणार बघा."

"अहो, पण हे मी नाही काढलं."

"आता लाजताय कशाला?"

तिनं कागद उलटा केला. मागच्या बाजूला तिचं चित्र होतं. अंबाबाईचं शिखर, तांबड्या मातीतला पैलवान, ऊस, चपला, सगळं रंगीत आणि एकमेकांना खेटून. मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. शाळेच्या भिंतीबाहेर आपल्या हाताला कुणी विचारतं का, हे तिला एकदा बघायचं होतं. दिवाळीची सगळी सुट्टी तिनं त्या कागदावर घातली होती.

"ते कुणा विद्यार्थिनीचं दिसतंय," नृसिंहराव म्हणाले. "पाठकोरा कागद वाया जाऊ दिला नाहीत, हे बरं केलंत."

तिनं कागद गुंडाळला. चित्र एक दिवसासाठी मागून घेतलं आणि बाहेर पडली.

कसबा बावड्याच्या बसमध्ये तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. आनंद करावा की रडावं तेच कळेना. स्पर्धेला देईपर्यंत कागद घराबाहेर गेलाच नव्हता. द्यायच्या दिवशी शाळेच्या घाईत तिनं तो न बघताच गुंडाळला होता, चिठ्ठी टाचून तसाच नेऊन दिला होता. नवरा बाळासो साखर कारखान्यात नोकरीला. त्याला साधा आंबा काढता येत नव्हता. मग घरात राहिलं कोण? सासू, झुंबरबाई. पण तो विचार तिच्या मनात टिकेचना.

प्रमोदिनी आणि बाळासो यांनी लग्न परस्पर ठरवलं होतं, जातीबाहेर. झुंबरबाईनं कधी भांडण काढलं नाही. तिनं फक्त सुनेच्या तोंडाकडं बघणं टाळलं. बोलायची ती चुलीकडं बघून, नाहीतर भिंतीकडं. "भाकरी झालीया," भिंतीला सांगायची. "पाणी आलंय," दाराला सांगायची. इतक्या वर्षांत प्रमोदिनीला त्याची सवय झाली होती. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

घरी झुंबरबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. प्रमोदिनीनं कागद तिच्यापुढं पसरला.

"आत्या, हे कुणी काढलं?"

झुंबरबाईचा हात थांबला.

"म्या," ती शेंगांकडं बघत म्हणाली. "कागुद पालथा पडलाता. कोरा हाय वाटलं. चुलीतला कोळसा घेतला आन बसले. दे टाकून."

"तुम्ही? तुम्हाला चित्र येतं?"

"माहेरात भितीवर काढायची. लगीन झालं, मग कुठलं?" तिनं पुन्हा एक शेंग फोडली. "तुजा कागुद नासला व्हय?"

"नासला नाही. याला पहिला नंबर आलाय. टी-शर्टावर छापणार आहेत."

"कशावर?"

"बनियनसारखा असतो. अंगात घालायचा, बाहेर जाताना."

"आन ह्ये छापून लोकं बाहीर हिंडणार?"

"हो. उद्या जाऊन मी तुमचं नाव लावून येते."

"नाव नगं. येडं म्हणतील."

प्रमोदिनी तिच्याजवळ खाली बसली. तिला अजून एक गोष्ट उलगडत नव्हती. "आत्या, तुम्ही संग्रहालयात कधी गेला होता? ती मातीची बाई बघितली कधी?"

"कुठली मातीची बाई? मी न्हाय गेले कुठं."

"मग ही कोण? जिला तुम्ही चष्मा घातलाय ती?"

झुंबरबाईनं मान वर केली. सुनेच्या तोंडाकडं ती सरळ बघत राहिली, सावकाश, नाकावरून ओठांवर, ओठांवरून अंबाड्यावर. मग कोळशाचं चित्र बरोबर उतरलंय याची खात्री पटल्यागत तिनं मान हलवली.

"म्या कशाला घालू? चष्मा तुजाच हाय की. कागदावर वाकून बसलीस की घालतीस, त्यो."