सोपी वाट

नवऱ्याची जयपूरला बदली झाल्यापासून सुवर्णाच्या घरात निसर्गप्रेमाला नुसता ऊत आला होता. त्या रविवारी परेशरावांनी गळ्यात दुर्बीण अडकवली आणि शास्त्री नगरातून सगळ्यांना तलावाकाठच्या जंगलात नेलं. फाटकावर पाटी होती, 'सपरिवार फिरण्यासाठी सोपी वाट'.

परेशराव हात मागे बांधून पुढे चालले. मागून सुवर्णा निघाली. तिच्या पाठीवर दशम्या, शेंगाचटणी आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, काखेत सासूबाईंसाठी सतरंजी. वाळूची टेकडी लागताच पाच वर्षांच्या मैत्रेयीने बसकण मारली. "मम्मी, पाय जळतायत, मतलब सच्ची." मग तीही कडेवर आली.

"अगं चल लवकर, पक्षी उडून जातील," परेशराव वरून म्हणाले. "रोज जरा चालत जा. किती दम लागतो तुला."

घरी येऊन सुवर्णा डबे घासत होती, तेवढ्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर परेशरावांचा मेसेज आला. "तलाव, जंगल, वाळूच्या टेकड्या, सगळं एकाच वाटेवर. चढ जाणवतसुद्धा नाही. लहान मूल बरोबर असलं तरी काही त्रास नाही. खाण्यापिण्याची सोयही आपोआप होते. सर्वांनी सहकुटुंब अवश्य जावे."

सुवर्णाने ओले हात पदराला पुसले आणि सगळ्यांच्या आधी उत्तर लिहिलं.

"छान वाटतंय हो. पुढच्या वेळी मलाही घेऊन चला."