अडवलेली वाट

ईरण्णानं पारावर दहा माणसांदेखत छाती ठोकून सांगितलं होतं, की धाकट्या भावाचा, विरेशचा ऊस आपल्या रानातनं जाऊ देणार नाही. वाटेवर बाभळीच्या काट्याही टाकल्या होत्या. अन् उद्या विरेशची ऊसतोड होती.

ओसरीवर लेक महेश्वरी परीक्षेचा इतिहास वाचत होती. "अप्पा, हा इजिप्तचा नासर, अख्ख्या अरबांचा पुढारी. यानं शेजारच्या देशाची समुद्रातली वाट अडवली अन् युद्ध पेटलं."

"त्याला लढाई पायजे व्हती व्हय?"

"तसं दिसत न्हाय. पण बाकीचे अरब पुढारी भित्रा म्हणून हिणवायचे. वाट अडवल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग माघार घेता येईना."

"किती दिवस चालली?"

"सहा. निस्तरणं अजून चालू हाय."

ईरण्णा उठला, कोयता घेतला अन् तडक रानात गेला. विरेश काठी घेऊन वाटेवर उभाच होता. कोयता काट्यांवर पडला, तशी त्यानं काठी खाली ठेवली.

"अण्णा, मलाबी पारावरच्यांनीच चढवलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी ऊस भरलेला ट्रॅक्टर त्या वाटेनं निघाला, तेव्हा पारावर सुतक पडल्यासारखी शांतता होती.