दोघांकडून

"मग आमच्या मुलीचा बहिरेपणा नक्की कुणाकडून आला?" हेमांगीने विचारलं आणि मान खाली घातली.

चार्वी आता सहा वर्षांची होती. "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं," हे सासूबाई आल्यागेल्याला ऐकवत, तेव्हा हेमांगीचा नवरा सुहास पेपरात डोकं खुपसून बसे.

"दोघांकडून," डॉक्टरीणबाई रिपोर्ट दाखवत म्हणाल्या. "ऐकण्याच्या एका जनुकाची एक सदोष प्रत तुमच्यात आहे, एक यांच्यात. एकेकटी असली तर काही बिघडत नाही. मुलीच्या वाट्याला नेमक्या दोन्ही आल्या."

हे कळल्यावर आनंद होईल, असं हेमांगीला वाटलं होतं. पण तिला नुसता थकवा जाणवला. सुहासने मात्र दवाखान्याच्या दारातूनच फोन लावला. "आई, ते माझ्याकडूनही आलंय. म्हणजे आपल्याच घराण्यातून. यापुढे हेमांगीला बोल लावायचा नाही."

त्याने फोन खिशात टाकला. चार्वीने हातांनी खूण करून विचारलं, काय झालं? सहा वर्षांत तो तिची भाषा शिकलाच नव्हता. तो हेमांगीकडे वळला.

"माझं चुकलं, हे हातांनी कसं सांगतात? मला शिकव."