हसरं कुटुंब

शिवांजलीला वेब डिझाइनचं पहिलंच काम मिळालं ते राजारामपुरीतल्या एका प्रसूतिगृहाच्या वेबसाइटचं. पहिल्या पानावर तिनं आई-बाप, मुलगा आणि मुलगी असं हसरं कुटुंब लावलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि मुलीवर बोट ठेवलं.

"हिला काढ. मुलगा राहू दे. आमच्याकडं माणसं कशासाठी येतात, हे काय सांगायला पाहिजे?"

क्लासच्या सरांनी बजावलेलंच होतं, गिऱ्हाइकाला का म्हणून विचारायचं नाही आणि हात असा साफ हवा की मागं खूण राहता कामा नये.

घरी येऊन तिनं फोटोतली मुलगी पुसली, मागची भिंत भरून काढली, आईच्या साडीच्या निऱ्या जुळवल्या. तेवढा आईचा हात राहिला. मुलीचं बोट धरलेला तो हात आता अर्धवट मिटून नुसताच लोंबत होता.

चहा घेऊन आलेली तिची आई शांतव्वा कॉम्प्युटरपुढं थबकली.

"अव्वा, हात तेवढा सरळ केला की झालं. कुणाला कळायचंबी न्हाय."

शांतव्वानं कप खाली ठेवला.

"हात ऱ्हाऊ दे तसाच. तुझ्या पाठीवरच्या दोघींना त्याच दवाखान्यात काढलं, तवा असाच हात घेऊन घरी आलतो मी."