लोणखेड्यावरच्या घिरट्या

"इंजिन ठणठणीत होतं," तपासाला आलेले बर्वेसाहेब म्हणाले. "विमान खाली आलं, विजेच्या तारांना लागलं आणि केळीच्या बागेत पडलं. वैमानिकाने एवढं खाली यायलाच नको होतं."

रंजिताने चहाची बशी त्यांच्यासमोर जरा आदळलीच. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून याने काहीही ठोकून द्यावं?

"वैमानिक म्हणजे माझा नवरा. नवल नाव होतं त्याचं."

तापी आणि सातपुडा वरून दाखवणाऱ्या नव्याकोऱ्या विमानाची ती पहिलीच फेरी. नवलसोबत विमानातल्या प्रवासी, खापर गावच्या शिक्षिका ममताबाईही दगावल्या. त्यांच्या भावाने स्मशानात चारचौघांदेखत नवलला खुनी म्हटलं. साहेबांचा अहवाल वर गेला की तो शब्द कायमचा चिकटणार होता. रंजिता तो चिकटू देणार नव्हती.

"लोक सांगतात, विमान इथे लोणखेड्यात तुमच्या घरावर घिरट्या घालत होतं."

"लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणे बायकोसमोर मिरवायला आला. मी धडगावला ड्यूटीवर होते. कोणासमोर मिरवणार?"

साहेबांची नजर अंगणातल्या ट्रॅक्टरवर गेली. बॉनेटवर कुंकवाच्या पाच बोटांचा ठसा होता. मोटरसायकलच्या टाकीवरही तसाच.

"सासूबाईंचा हात आहे तो," रंजिता म्हणाली. "या घरात नवी गाडी आधी दारात येते, त्या ओवाळतात, मग ती कामाला लागते. अशा शिस्तीत वाढलाय नवल. नियम मोडणाऱ्यातला तो नव्हता. लिहा तुम्ही, यंत्रात बिघाड होता म्हणून!"

"त्या दिवशी घरी कोण होतं?"

"ह्या एकट्याच."

जमनाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. लेक गेल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. रंजिताने त्यांना हाताला धरून पुढे आणलं.

"आई, तुम्ही गच्चीवर व्हतात ना? सांगा यासले, विमान उंच व्हतं. कोणले घाबरू नका."

जमनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साहेबांच्या डोळ्याला डोळा दिला.

"लिखी ल्या, साहेब. मन्हा आंडोरनी, मन्हा नवलनी काहीच चूक नही. तो उंचच व्हता. नव्या विमानले मन्हं ववाळनं पोचे ना, म्हणीसन मीच पदर हालाइसन त्याले खाले बलावं."