दाराशेजारचा खिळा

चित्रकार नरहर घोणसीकर तरुणपणी अहमदपूरच्या ज्या घरात भाड्याने राहिले, ते घर आता वारसास्थळ म्हणून जाहीर झालं. समितीच्या राजश्री मॅडम पितळी पाटी घेऊन आल्या आणि ओसरीत बसून घरमालक वैजनाथअप्पांना नियम समजावू लागल्या.

"अप्पा, रंग बदलायचा नाही, फरशी बदलायची नाही. आजपासून भिंतीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही."

अप्पा हसले. "मी बी त्येंना हेच म्हनलो होतो."

"मग? ऐकलं त्यांनी?"

"कशाचं ऐकतेत! पहिलं मोठं चित्र पुरं झालं, तसं आनंदाच्या भरात इथंच ओसरीत खिळा ठोकून टांगलं. मला लई राग आला. म्हनलो, आठ दिसांत घर खाली करा. चित्र काखेत मारून गेले बिचारे. उलटून एक शब्द बोलले न्हाईत, अन् पुन्हा या गल्लीत कधी आले न्हाईत."

पाटी लावायला आलेला माणूस हातोडी धरून तसाच उभा होता. "मॅडम, खिळा ठोकायचा नाही, तर पाटी लावायची कशी?"

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशेजारचं कॅलेंडर त्यांनी उतरवलं. त्यामागे एक गंजलेला खिळा भिंतीत घट्ट बसलेला होता.

"काढायचं मन झालं न्हाई कधी," अप्पा म्हणाले. "ह्याला टांगा. त्येंचाच हाय."